कुटुंबात एकूण माणसं किती

बाभुळगावच्या एका सरकारी कार्यालयात मी कारकून आहे. जन्मापासून आंधळी आहे, म्हणून माझा कॉम्प्युटर बोलका आहे. त्यातली बाई कानात भराभर वाचते आणि मी भराभर टाइप करते. समोरच्या माणसाला मी विचारते, "कुटुंबात एकूण माणसं किती?" तो पटकन सांगतो, चार. नाही तर पाच, फार तर सात. मला दरवेळी त्याचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. इतका सोपा प्रश्न आहे होय हा? आमच्या तांड्यात या एका प्रश्नापायी अख्खा उन्हाळा गेला होता, आणि माझी शाळा हातची जायची वेळ आली होती.

आमचा तांडा फुलसावंगीपासून कोसभर आत आहे. पूर्वी आमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायची. आता एका जागी बसून कापूस-सोयाबीन करतात. फिरणं सुटलं, पण फिरत्या माणसांचा एक नियम काही सुटला नाही. वाटेत कुणाचंही पोर पडलं की ज्याचा हात जवळ असेल त्यानं उचलायचं, कुणाचं आहे ते विचारायचं नाही. मी आंधळी जन्मले, आणि तांड्याला कायमचीच पडलेली पोर मिळाली.

त्यामुळे माझे इतके लाड झाले की मला त्यांचा वैताग आला. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला रे टाकला की कुणाचा तरी हात दंडाला पडायचा. "कुठं जातं वं? चाल, मी नेतो." मला कुठंच जायचं नसायचं, नुसतं उभं राहायचं असायचं. तरी मला नेलं जायचं. सकाळी तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या ओट्यावर, दुपारी जीपवाल्या काकाच्या घरी, तिथून गुरुजींच्या घरी. एखादं पार्सल फिरावं तशी मी फिरत होते. दहा वर्षांची झाले तरी पाण्याचा गडवा स्वतःच्या हातानं भरलेला मला आठवत नाही. मी चिडले, पाय आपटले, की लोक म्हणायचे, बिचारीले दिसत नाही ना, म्हणून राग येते. राग मला त्यांचा येत होता, पण हे कुणाला पटवणार?

शाळेचं निघालं ते दवाखान्यात. आंधळ्यांच्या कसल्याही सवलतीसाठी आधी सरकारला पटवायचं होतं की मी खरोखर आंधळी आहे. म्हणून बा मला यवतमाळला घेऊन गेला. डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटऱ्या मारल्या, थेंब टाकले आणि कागदावर शंभर टक्के असं लिहून दिलं. बा शाळेची पायरी चढलेला नव्हता. नायकाच्या नातवाला दहावीला अठ्ठेचाळीस टक्के पडले तेव्हा पेढे वाटले होते, एवढं त्याला माहीत होतं. त्यानं परत येताना महागावला उतरून पेढे घेतले आणि घरोघर वाटले. "माह्या पोरीले शंभर टक्के भेटले." गुरुजी आमच्या तांड्यातले एकमेव पगारी माणूस, आश्रमशाळेत शिकवायचे. त्यांनी आधी पेढा खाल्ला आणि मग ते टक्के कशाचे हे समजावून सांगितलं. तोवर निम्म्या तांड्यानं माझ्या डोक्यावरून हात फिरवून हुशार आहे म्हटलं होतं, आणि ते परत घ्यायला कुणी तयार नव्हतं.

त्याच दवाखान्याच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी एक आंधळी मुलगी बसली होती. जाड कागदावर बोटं फिरवत ती मोठ्यानं कोल्ह्याची गोष्ट वाचत होती. मध्येच थांबून तिनं विचारलं, "तू कितवीत?" मी म्हटलं, शाळेत जात नाही. "मग दिवसभर करतेस काय?" दिवसभर माझे लाड होतात, हे काही सांगण्यासारखं नव्हतं. मी विचारलं, कोल्ह्याचं पुढं काय झालं? ती म्हणाली, "शाळेत ये आणि वाच," आणि पुस्तक मिटून टाकलं. मला तिचा इतका संताप आला की तिथंच ठरवलं, मरीन पण शाळेत जाईन.

शाळा दुसऱ्या जिल्ह्यात होती, फक्त आंधळ्या मुलींची, राहण्या-जेवण्याची. नियम साधा होता. घरचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर सगळा खर्च सरकारचा. सुट्टीत आणायला-पोचवायला मदतनीस बाईसुद्धा सरकारच देणार. उत्पन्न मर्यादेच्या वर गेलं की निम्मा खर्च आईबापांनी उचलायचा, आणि पोरीला न्यायची-आणायची सोयही आपली आपण बघायची. आमचं शेत कोरडवाहू आणि एवढंसं. त्या मर्यादेच्या वर आम्हाला कुणी शिडी लावूनही चढवू शकलं नसतं. पण तांड्यानं चढवलं.

झालं असं. अर्ज घेणाऱ्या साहेबांनी बाला सांगितलं, घरी चौकशीला मॅडम येतील, घरची परिस्थिती बघतील. बानं हे नायकाच्या कानावर घातलं, कारण तांड्यात कुणी सरकारी माणूस येणार असेल तर आधी नायकाला सांगायची रीत आहे. नायक तेव्हा सत्तरीचा, अंगानं मजबूत आणि आवाजानं त्याहून मजबूत. त्यानं निंबाखाली सगळ्यांना बसवलं. तांड्यात सगळे आपल्या गोर बोलीत बोलतात, इथं मी ते मराठीत सांगते.

नायक म्हणाला, "परमुलखातली बाई पोरगी पाहाले येऊन राह्यली. ते घर पाहाते, शेत पाहाते, पोरीच्या मांगं मानसं किती ते पाहाते. पसंत पडलं तं पोरीले घिऊन जाते. याले काय म्हन्तेत?"

"सोयरीक!" सगळा तांडा एका सुरात म्हणाला.

गुरुजी हळूच म्हणाले, "शाळा."

"शाळेतबी पोरगी परक्याच्याच घरी राहाते ना? तिच्या मांगं मानसं हायेत हे त्याइले कळाले नको? नाही तं तिथं तिले कोनी इचारन का?"

खरं सांगू, याचं उत्तर मला आजही नीट देता येणार नाही. परक्या घरी जाणाऱ्या पोरीमागे किती माणसं बसतात यावर तिची किंमत ठरते, हे आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

बा एवढंच म्हणाला, "पन नायक, ते मॅडम गरिबी पाहाले येते."

"गरिबी काय दाखवाची वस्तू हाये का बे? पाव्हन्यापुढं फाटकं नेसून बसशीन?"

बानं तोंड मिटलं. नायकापुढं ते तसंही मिटलेलंच असायचं.

मॅडम यायच्या दिवशी सकाळी आमच्या दारात नायकाची बैलजोडी आली, त्याच्या म्हशी आल्या. जीपवाल्या काकानं आपली काळीपिवळी जीप आडवी लावली. गुरुजींनी मोटारसायकल पुसून उभी केली. काकाचा एक बिघडलेला फ्रिज होता, त्याची बायको त्यात ज्वारी ठेवायची. चार जणांनी तो ज्वारीसकट उचलून आमच्या घरात आणून ठेवला. आमच्या घरात एकच बल्ब होता आणि फ्रिजची वायर लावायला भोकसुद्धा नव्हतं, पण एवढ्या बारीक गोष्टी सोयरिकीत कोण बघतं? याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, स्वतःच्या लग्नातली काचा लावलेली ओढणी माझ्या डोक्यावर टाकली. मी हलले की वाजत होते, आणि लहान भाऊ मला मुद्दाम हलवत होता.

आणि फुलसावंगीहून मामू आला. मामूचं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. माझा रेडिओ महिन्यातून एकदा बंद पडायचा आणि तो फुकट चालू करून द्यायचा. याडी त्याला राखी बांधायची. पोरीला बघायला येणार म्हटल्यावर मामा घरी बसेल काय? त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि येताना एक भलामोठा स्पीकर उचलून आणला, का ते त्यालाच ठाऊक.

मॅडम तरुण होत्या, साताऱ्याकडच्या आणि नोकरीत नव्या. उन्हात फाट्यापासून चालत आल्या होत्या. बाजेवर बसून त्या पाणी प्यायल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला. "या मुलीचे वडील कोण?"

चौघे उठले. बाला उठायला उशीर झाला, तो पाचवा.

मॅडमनी पान उलटल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "बरं. मुलीचा खर्च कोण करतं?"

"मी," नायक म्हणाला.

"दवाखान्यात नेनं-आननं माह्याकडं," काका म्हणाला.

"तिच्या शैक्षणिक बाबतीत मी लक्ष घालणार आहे," गुरुजी म्हणाले. गुरुजींना स्वतःला आवरता आलं नाही, इतकंच.

"रेडिओचे सेल माह्याकडं," मामू म्हणाला.

"तुम्ही कोण यांचे?"

"पोट्टीच्या मायचा भाऊ."

"नाव सांगा." मामूनं आपलं मुसलमानी नाव सांगितलं. मॅडमचं पेन थांबलेलं मला ऐकू आलं. "सख्खे भाऊ?"

"सख्ख्यापेक्षा पक्का, मॅडम. सख्खा तं राखीले येत नाही. मी दरसाल येतो."

याडी मागून म्हणाली, "खरं हाये जी."

मग घर बघणं झालं. "हा फ्रिज तुमचा?" याडीनं नायकाकडे पाहिलं असणार. मग ती हो म्हणाली. मॅडमनी दार उघडलं. तेव्हा जो आवाज आला तो मी जन्मात विसरणार नाही. ज्वारी आधी त्यांच्या पायावर आणि मग घरभर सांडली. मॅडमनी दार लावायचा प्रयत्न केला, पण ज्वारी थांबेना. शेवटी म्हणाल्या, "असू दे, मी नोंद केली आहे." त्यानंतर त्यांना एकेका घरी चहा घ्यावा लागला, कारण एका घरी घेऊन दुसऱ्या घरी न घेणं म्हणजे भांडण. जाताना काका त्यांना जीपनं फाट्यावर सोडायला गेला. रात्री निंबाखाली सगळे खूश होते. पोरगी पसंत पडणार, यात कुणाला शंका नव्हती.

उत्तर आलं. गुरुजींनी ते मोठ्यानं वाचलं. कुटुंबातील सदस्य एकोणतीस. वाहने, एक जीप व एक मोटारसायकल. बैलजोडी एक, म्हशी तीन. शीतकपाट एक, ज्वारीने भरलेले. सदस्यांपैकी एक शासकीय पगारदार. प्रत्येक ओळीला तांडा खूश होत होता. म्हशींच्या ओळीला कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. "सरकारनं लिहून देल्लं!" नायक म्हणाला. मग गुरुजी शेवटच्या ओळीवर आले. उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक असल्याने निम्मा खर्च पालकांनी करावा, मदतनीस मिळणार नाही.

म्हशींना टाळी वाजवणाऱ्यानं गुरुजींना ती ओळ पुन्हा वाचायला लावली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण नायक असा हार मानणारा नव्हता. "मंग भरू ना! तांडा भरन. येका पोरीचा खर्च एवढ्या मानसाइले जड हाये का?"

तेव्हा बा बोलला. बा इतका कमी बोलायचा की त्याचा आवाज आला की आधी सगळे वळून बघायचे. "नायक, पहिल्या साली तुमी भरसान. वाजतगाजत भरसान. पन येखांद्या साली कापूस बुडला, तं मी कोनाकोनाच्या दारात जाऊ? तुमचं मन मोठं हाये, मले मालूम हाये. पन पोरगी मधातच शाळा सोडून आली, तं मंग तिले कोन वापस नेईन?" माझा बा अडाणी होता, पण तांड्याचं मन आणि तांड्याचा खिसा या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे त्याला बरोबर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊन मॅडमच्या कार्यालयात गेला.

"म्हणजे फ्रिज तुमचा नाही?" मॅडम म्हणाल्या.

"नाही जी."

"जीप?"

"नाही जी."

"म्हशी?"

"त्या नायकाच्या हायेत."

"अहो, मग तुमचं आहे तरी काय?"

बा थोडा विचार करून म्हणाला, "हे पोरगी."

मॅडम चिडलेल्या होत्या, आणि त्यांचं बरोबर होतं. ज्वारी त्यांच्या चपलेत अजून निघत असेल. पण बाच्या उत्तरानंतर त्यांचा आवाज उतरला. त्यांनी सांगितलं, कागदावर गेलेलं असं पुसता येत नाही. त्या पुन्हा एकदा तांड्यात येतील. ज्यांनी ज्यांनी आपण कुटुंबातले म्हणून सांगितलं, त्यांनी समोर म्हणायचं की या मुलीच्या कुटुंबाशी माझा संबंध नाही. मग फेरचौकशीचा अहवाल करता येईल. हे सगळं शाळा उघडायच्या आत, नाही तर माझी जागा दुसऱ्या मुलीला जाईल.

परतीच्या बसमध्ये मी म्हटलं, त्यात काय, म्हणतील की. बा म्हणाला, "थे म्हननार नाहीत."

आमच्यात ते वाक्य एकाच वेळी म्हणतात, कुणाला तांड्याबाहेर काढताना. 'तुहा आमचा संबंध नाही' असं म्हटलं की त्या घराचं पाणी बंद, विस्तव बंद, लग्न-मयत बंद. आणि ते वाक्य परक्या माणसापुढे, एका लेकराबद्दल म्हणायचं. नायक म्हणाला, माझी जीभ कापून द्या हवं तर, पण हे होणार नाही. त्या पावसाळ्याआधीच्या उकाड्यात तांड्यातलं प्रत्येक माणूस माझ्यावर जीव टाकत होतं आणि त्या जीवापायी माझी शाळा हातची चालली होती. मी रडले, जेवण टाकलं, याडीला बोचकारलं. काही उपयोग झाला नाही. उलट मी जेवत नाही म्हणून चार घरांतून ताटं आली.

मॅडम दुसऱ्यांदा आल्या तेव्हा आमच्या दारात एकही म्हैस नव्हती. सगळे निंबाखाली बसले. जीपवाला काका पहाटेच भाडं आहे म्हणून उमरखेडला पळाला होता, अर्थात भाडं नसताना. मॅडमनी नायकाला विचारलं, "या मुलीच्या कुटुंबाशी तुमचा संबंध आहे का?"

नायकाला खोकला आला. तो बराच वेळ आला.

गुरुजी म्हणाले, "संबंध या शब्दाचा व्यापक अर्थ घेतला तर..."

"घेऊ नका," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही सांगा मामू."

"मॅडम, झूट बोलू का? बोलतो. तुमी म्हना, मी मांगून हो म्हन्तो."

"मी कसं म्हणू?"

"मंग राहू द्या."

मॅडमनी फाइल मिटली. "मग राहूच द्या," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात होतं तेवढं केलं मी." बाज करकरली, त्या उठत होत्या. याडीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मला समजलं की आता ही बाई जाईल, फाट्यावर बस धरेल, आणि मी उद्या सकाळी पुन्हा नायकाच्या ओट्यावर नेली जाईन, परवाही, आणि म्हातारी होईपर्यंत.

मी याडीचा हात झटकला आणि उभी राहिले.

"मॅडम, लिहा. माह्या घरी आमी चार मानसं हावो. बा, याडी, मी, अन् लहान भाऊ. हे नायक माहे कोनी नाही. जीपवाला काका कोनी नाही. गुरुजी तं नाहीच नाही. मामू फुलसावंगीचा हाये, थो रेडिओ दुरुस्त करते, आमचा कोनी लागत नाही. फ्रिज काकाचा हाये अन् जवारीबी काकाचीच हाये."

एका दमात म्हणाले. मधे थांबले असते तर पुढचं निघालं नसतं.

मॅडमनी विचारलं, "कुणाची हरकत आहे?" कुणी बोललं नाही. "हरकत कोणी घेतली नाही, असं लिहिते," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या त्या एका वाक्यानं सगळ्यांच्या जिभा वाचल्या. नायक उठला. त्याची काठी निंबाखालून त्याच्या घराकडे टकटकत गेली. पाहुणा बसलेला असताना नायक उठून गेला, असं तांड्यात कधी घडलं नव्हतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. पश्चात्ताप झाला का? तेव्हाही नाही आणि आजही नाही. कुणीतरी म्हणायलाच हवं होतं, आणि गरज माझी होती.

पण त्यानंतर तांडा बदलला. मी उंबऱ्याबाहेर पाय टाकला तरी दंडाला हात पडेना. कुणी 'कुठं जातं वं' विचारेना. मी पहिल्यांदा एकटी हापशीवर गेले. वाटेत एका शेळीवर आदळले, मग दुसऱ्या शेळीवर, आणि येताना उकिरड्याच्या खड्ड्यात पडले. कुणी उचललं नाही. गुडघा फुटला, गडवा चेमटला, तरी मी घरी येऊन याडीला अभिमानानं पाणी दाखवलं, तळाशी होतं तेवढं. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. आणि दुपारी मी एकटी अंगणात बसून नायकाच्या काठीच्या आवाजाची वाट बघायचे. ती काठी माझ्या बाजूला यायची, थोडी थांबायची आणि परत जायची. मला वाटलं, म्हातारा रुसला. सगळे रुसले. बाला विचारलं तर तो नुसता हुं म्हणायचा.

ते रुसले नव्हते, हे मला निघायच्या दिवशी कळलं.

मंजुरी आली, सगळा खर्च सरकारचा, आणि मदतनीस बाई मला न्यायला आली. बा आणि याडी फाट्यापर्यंतच येणार होते. बा बसमध्ये चढला तर उतरणारच नाही, असं याडीचं म्हणणं होतं. आम्ही फाट्यावर पोचलो तर तिथं गर्दी. मदतनीस बाई म्हणाली, "बापरे, आज काय बाजार हाये का? हे एवढे लोक कोन?"

"कोनी नाही जी," नायकाचा आवाज आला. "आमी बसची वाट पाहून राह्यलो."

"कुठं चालले?"

"बस जाईन तिकडं."

मग याडी माझ्या कानात कुजबुजली. नायकानं तांड्याला ताकीदच दिली होती. मॅडम कधीही तपासायला येईल. कुणी पोरीचा हात धरलेला दिसला तर कागद खोटा पडेल आणि पोरीची शाळा जाईल. तेव्हा सरकार बघत असेपर्यंत कुणीही तिचं कोणी नाही. मी खड्ड्यात पडले तेव्हा काठावर तीन माणसं उभी होती, आणि नायकानं त्यांना हातानं अडवून धरलं होतं.

बस आली आणि अख्खी गर्दी चढली. कंडक्टर जीपवाल्या काकाला म्हणाला, "तू अन् यष्टीत? तुही जीप कुठं गेली बे?" काका म्हणाला, "पंचर." मी मदतनीस बाईजवळ खिडकीशी बसले. मामू जवळ येऊन म्हणाला, "ए बेटी, हे सेल खाली पडले व्हते. तुहे हायेत का?" आणि नव्या कोऱ्या सेलांचा अख्खा पुडा माझ्या पिशवीत कोंबला. गुरुजी म्हणाले, "हे अनोळखी मुली, नियमित अभ्यास करावा." कुणाच्या तरी बायकोनं रस्त्यात सापडलेली चटणीची बरणी दिली. मदतनीस बाई म्हणाली, "या बाजूचे लोक लय मायाळू हायेत बाई." महागावला सगळे उतरले. जाताना प्रत्येकाचा धक्का मला लागला, खिडकीशी बसले होते तरी.

नायक उतरला नाही. माझ्या पुढच्याच सीटवर बसला होता. आर्णी येईपर्यंत त्याच्या तंबाखूची डबी उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. आर्णीला उतरताना तो मदतनीस बाईजवळ थांबला.

"बाई, हे पोरगी कोनाची हाये मले मालूम नाही. पन तिचा दंड धरून ओढजा नोका, तिले राग येते. तुमचं बोट तिच्या हातात द्या, ते बराबर येते मांगं मांगं."

"आजोबा, तुमाले कसं माहीत? वळखता का तिले?"

"नाही जी. मी कोनी नाही."

तो उतरला. मला त्याला हाक मारायची होती. पण हाक मारली असती तर तो माझा कोणीतरी झाला असता आणि दहा वर्षांच्या मला वाटत होतं की बस तिथूनच परत फिरवतील. मी ओठ दाबून रडत बसले. तेवढ्यात खिडकीच्या गजातून एक जाड, तंबाखूच्या वासाचं बोट आत आलं. मी ते धरलं. तो खाली रस्त्यावर, मी वर सीटवर, आणि आमची ओळख नव्हती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मी ते सोडलं.